कोसमतलावची शिरगणती

कोसमतलाव, पोस्ट लामता, जि. बालाघाट
१२ नोव्हेंबर २०२५

रचना,

पत्ता सापडला म्हणून लिहितो आहे. आठवण आली म्हणून लिहितो आहे, असा गैरसमज करून घेऊ नकोस. हिंदीत मी पंधरा वर्षं नोटिसा आणि पंचनामे लिहीत आलो, त्या भाषेत घरचं काही लिहायला हात वळत नाही. म्हणून मराठी. बानं पाटीवर गिरवून घेतलेली, तेवढ्याच भरवशावर. तुला अजून वाचता येते की तीही सोडून दिलीस, ठाऊक नाही.

माझ्या मयुरीनं तुला शोधलं. तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता बालाघाटच्या कॉलेजात आहे. जुन्या फोटोमागं तुझं पूर्ण नाव होतं, ते तिनं मोबाईलमध्ये टाकलं आणि एका दवाखान्याचं पान निघालं. ‘रचना फकिरा उके, परिचारिका.’ केस कापलेले, अंगात निळा कोट. मी म्हटलं, ही नव्हे. मग हनुवटीवरचा डाग दिसला. आधणाचं पातेलं उलटलं होतं तेव्हाचा. तेव्हा तुला खांद्यावर घेऊन लामत्याच्या दवाखान्यापर्यंत मी पळत गेलो होतो, हे त्या पानावर अर्थातच लिहिलेलं नाही.

तुझ्या गावाचंही पान आहे. मयुरी इंग्रजी वाचत गेली, हिंदीत सांगत गेली आणि मी मनात मराठी करत गेलो. ऑस्बर्न फोर्ड, नेब्रास्का. ऑस्बर्न नावाच्या कुणा माणसानं १८७८ साली नदीच्या उताराजवळ दुकान घातलं, बैलगाड्या तिथून नदी ओलांडायच्या. पुढं रेल्वे दोन मैलांवरून गेली तर सगळं गाव उचलून रुळाशेजारी नेलं. जमीन सपाट, मका नि गाईगुरं. शंभर वर्षांपूर्वी हजारावर माणूस होतं, शाळा होती. आता शाळा बंद, रेल्वे थांबत नाही, धान्याचं एक उंच कोठार, एक चर्च आणि तुझा दवाखाना. लोकसंख्या ४१२. बाई गं, चारशे बारा! त्याला ते ‘सिटी’ म्हणतात. आमच्या कोसमतलावात ११४६ माणसं आहेत आणि परसवाड्याचा बसवाला आम्हाला अजून टोला म्हणतो, गाव म्हणत नाही. सातासमुद्रापार जाऊन तू आपल्याहून लहान खेड्यात पडलीस, हे वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्या पानावर लोकांची टक्केवारीही आहे. गोरे इतके, काळे इतके, मेक्सिकोकडचे इतके. शेवटी आशियाई, शून्य पूर्णांक दोन टक्के. मयुरीनं हिशेब केला नि म्हणाली, ‘‘बाबा, ये तो एकच माणूस होते. ये बुआ है.’’

तिथवर मी हसत होतो. मग तिनं पुन्हा दवाखान्याचं पान काढलं आणि तुझ्या फोटोखालचं वाचलं. ‘रचना नागपूरजवळच्या एका खेड्यातून आल्या. भारतात त्यांचे कोणीही नाही. ऑस्बर्न फोर्ड हेच त्यांचे कुटुंब.’

कोणीही नाही? नागपूर इथून दोनशे किलोमीटर आहे, ते जवळ. आणि माय अंगणात तेलासाठी मोहाची टोळं फोडत बसली आहे, ती कोणी नाही? साक्षगंधाला वारासिवनीचे पाहुणे दारात, मंडपात सतरंज्या अंथरलेल्या, आणि तू पहाटेच्या बसनं नर्सिंग शिकायला नागपूरला पळालेली. बानं त्या दिवशी चाळीस माणसांसमोर टोपी काढून हात जोडले. नऊ महिन्यांत गेला. तेव्हाही तू आली नाहीस. आणि आता परक्या लोकांच्या पानावर छापतेस की माझं कोणी नाही.

मायला मी फोटो दाखवला नाही. मयुरीलाही बजावलं आहे. म्हाताऱ्या जीवाला कशाला उगाच घोर.

खेमराज


४ जानेवारी २०२६

रचना,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. बालाघाटच्या मोठ्या पोस्टातला माणूस म्हणाला होता, तीन आठवडे लागतील. सात होऊन गेले.

हे पत्र निराळ्या कामाचं आहे, म्हणजे निदान त्या निमित्ताचं. सरपंच हेमराजला कुणी तरी सांगितलं की प्रत्येक गावाच्या वेशीवर माहितीचा फलक पाहिजे. गाव कसं वसलं, कुठं आहे, माणसं किती. लिहायचं कुणी? कोटवारानं. बाच्या जागेवर तहसीलदारांनी मला नेमलं तेव्हापासून गावात जे काम कुणालाच करायचं नसतं ते माझं असतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं, मग रंगारी रंगवणार.

लिहायला बसलो आणि तुझं ते ऑस्बर्न फोर्ड डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी किती सहज लिहिलंय, अमक्यानं दुकान घातलं नि गाव झालं. आमच्याकडं हेमराज म्हणतो, लिही, गावाचा मालक होता त्या मालगुजारानं तलाव खोदला नि गाव वसवलं. मालगुजारानं एक टोपलं तरी उचललं होतं का? बा काय सांगायचा, आठवतं ना? तलाव खोदायला आपली माणसं भंडाऱ्याकडून आणली, पाळ बांधून झाली, तेव्हा बाकीच्यांना पाळीखाली जमिनी मिळाल्या आणि आपल्याला पाळीच्या पलीकडं, कोसमाच्या झाडांत राहायला सांगितलं. रात्री जनावर आलं तर आधी आपल्याला कळावं म्हणून. बा त्याचीही ऐट मिरवायचा. ‘‘आधी कोटवार बसला, मंग गाव बसलं. हाक देनारा नसन तं ते गाव नोहे, निरी घरं हायेत.’’

आणि त्याची ती मुनादी, गावभरची दवंडी. डफडं शेकून घ्यायचा, सात गल्ल्या फिरायचा, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी सांगून झालं की विचारायचा, ‘ऐकलं का?’ कुठल्या तरी घरातून ‘ऐकलं’ आल्याशिवाय पुढच्या गल्लीत पाऊल टाकायचा नाही. लोक कंटाळायचे, मुद्दाम गप्प बसायचे. तो उन्हात उभाच. आता व्हॉट्सअॅपवर नोटीस टाकली की झालं, दोन निळ्या रेघा म्हणजे ऐकलं. डफडं आढ्याला टांगलेलं आहे, कातडं अजून फाटलेलं नाही.

लोकसंख्या ११४६ लिहिली. २०११ च्या जनगणनेची आहे, नवी अजून व्हायची आहे. त्या वर्षी मोजायला आलेल्या गुरुजींबरोबर घरोघर मीच फिरलो होतो. आपल्या दारी आल्यावर त्यांनी विचारलं, माणसं किती? माय म्हणाली पाच. मी म्हटलं चार. मी, तुझी वहिनी गीता, मयुरी, माय. गुरुजींनी माझं धरलं. नियमच आहे, सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेलं माणूस घरात धरत नाहीत, तू तर दोन वर्षं नव्हतीस. माय कुरकुरली. पण त्यात माझी चूक नव्हती, हे तूही मान्य करशील.

तिकडच्या लोकांनी तुला बरोबर धरलं. शून्य पूर्णांक दोन.

खेमराज


२९ जानेवारी २०२६

रचना,

घरात कुणी माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुझ्याशी बोलतो. तू निदान उत्तर देत नाहीस हे आधीपासून ठाऊक आहे.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. झेंडा झाला, पोरांना बुंदी वाटली. मग मी उभा राहून वाचलं. गावाचा उगम वाचला, मालगुजारासकट. हेमराजशी भांडायला माझ्यात दम नाही. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला लामत्याचा रस्ता, मधे तलाव, हे वाचलं. शेवटी वाचलं, लोकसंख्या एक हजार एकशे सेहेचाळीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बुंदी हातात होती तरी वाजवल्या.

तेवढ्यात बायकांतून माय उठली. आता ती काठीशिवाय उठत नाही, पण उठली.

‘‘एक कमी हाय,’’ म्हणाली. ‘‘माही पोरगी धरली नाही.’’

हेमराजनं समजुतीनं विचारलं, कोणती पोरगी? ती म्हणाली, रचना. लोक जरा हसले. म्हातारी माणसं सभेत असं काही बोलतातच. मीही हसण्यावारी नेलं असतं. पण महागू म्हातारा पुढंच बसला होता, पहिल्या गल्लीतला, बाचा सोबती. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, शपथेवर सांगतो. तो मायला समजावून सांगायला गेला. म्हणाला, ‘‘शेवंताबाई, तुह्या ध्यानात नाही राह्यलं. रचना तं मेली ना. फकिराची फौती चढली तई पंचनाम्यावर म्याच अंगठा देल्ला. खेमराजनंच सांगतलं होतं.’’

फौती म्हणजे काय हे तुला सांगायला नको. बाप मेला की त्याची जमीन वारसांच्या नावावर चढवतात, ती फौती. पटवारी गावात येऊन विचारतो, वारस किती. त्याला कोटवार सांगतो.

माय माझ्याकडं वळली. ‘‘मेली?’’ एवढंच विचारलं.

सगळं पटांगण माझ्याकडं बघत होतं. हातात तो फलकाचा कागद. मी काय सांगायचं होतं? मेली म्हणालो असतो तर ती तिथंच पडली असती. जिवंत म्हणालो असतो तर पटवारी तिसऱ्या खुर्चीवर बसला होता. मी म्हटलं, मायचं डोकं आता ठिकाणावर राहत नाही, कुणी तरी तिला घरी न्या.

गीतानं नेलं. घरी आल्यावर मायनं कपाळाला हात लावून रडायला सुरुवात केली, आणि मग मयुरीला राहवलं नाही. तिनं तुझा फोटो काढून दाखवला. निळा कोट, हनुवटीवरचा डाग. मायनं मोबाईल दोन्ही हातांत धरून ठेवला, पडदा काळा झाला की मयुरीकडं द्यायची, पुन्हा उजळून घ्यायची. मी घरी पोचलो तोवर तिचं रडणं थांबलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खाट उचलायला लावून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. गीताच्या हातचं खाते. मी समोर गेलो की तोंड फिरवते. मयुरी दुसऱ्याच दिवशी न सांगता बालाघाटला निघून गेली.

आता तुझं समाधान झालं असेल. सोळा वर्षांपूर्वी एक घर मोडून गेलीस, उरलंसुरलं एका फोटोनं मोडलं.

मी तुला हे सगळं का सांगतोय कळत नाही. माय तुझं नाव घेत नाही, पण बसचा आवाज आला की पाळीकडं बघते. ती एकोणऐंशी वर्षांची आहे. बघ काय वाटतं ते.

खेमराज


२४ फेब्रुवारी २०२६

रचना,

तुझा लिफाफा मिळाला. पोस्टमन लामत्याहून मुद्दाम घेऊन आला, अमेरिकेचं तिकीट बघायला चार माणसं जमली. मी म्हटलं, बहिणीचं आहे. तोंडातून निघून गेलं. महागू त्यांत होता. तो उठून गेला.

आत पत्र नाही. फक्त मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. ‘रचना, पिता फकिरा उके, निवासी कोसमतलाव, मृत्यू दिनांक ३ मार्च २०११, सूचना देणारा खेमराज उके, कोटवार.’ आणि मागं तुझ्या हातचं, मराठीत, ‘हा कागद खोटा आहे, असं तो जिथं लिहवून घेतलास तिथंच, सगळ्यांसमोर सांग. मग मी मायला भेटायला येईन. त्याआधी नाही.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका संताप आला की कागद चुलीत घालणार होतो. अट घालते! पळून तू गेलीस, बाला मान खाली घालायला तू लावलीस, आणि सगळ्यांसमोर मी सांगायचं? चोराच्या उलट्या बोंबा.

मग मी नकलेवरची तारीख पाहिली. ९ जुलै २०१४.

त्या दिवशी मी तहसिलीत हजेरीला गेलो होतो. मला आठवतं, कारण परत आल्यावर पंचायतीचा नवा सचिव म्हणाला होता की कोणी शहरातली बाई पासपोर्टसाठी जन्माचा दाखला मागायला आली होती, चुकीच्या गावात आली असावी. आपल्या रजिस्टरात ती मेलेली निघाली, म्हणून मृत्यूची नक्कल घेऊन गेली. तो हसत होता. मीही हसलो. मला तेव्हाच कळलं होतं, रचना. पंचायतीच्या पायरीपासून आपलं घर तीनशे पावलं आहे. माय त्या दिवशी घरीच होती. तू हातात स्वतःच्या मरणाचा कागद घेऊन तीनशे पावलं चालली नाहीस आणि बस पकडलीस. ‘भारतात त्यांचे कोणीही नाही’ हे तू कुठून शिकलीस, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी तुला शिव्या घातल्या.

तर आता ऐक. बा गेला तेव्हा तू आली नाहीस असं मी लिहिलं होतं. तुला कळवलंच नव्हतं. तुझ्या होस्टेलचा पत्ता माझ्या खिशात होता. माय दोनदा म्हणाली, पोरीला सांग. मी तिला सांगितलं, सांगितलंय, येत नाही म्हणाली. बाच्या मरणाचं पापही मी तुझ्या माथी मारलं. त्याचं काळीज आधीपासून खराब होतं. डॉक्टरनं तुझ्या साक्षगंधाच्या आधीच्या दिवाळीत सांगितलं होतं. मला आणि बाला, दोघांनाच.

दाखला रागाच्या भरात लिहिला असं मी मनाशी सांगत आलो. पण राग दोन वर्षं टिकत नाही. मी थंड डोक्यानं लिहिला. गुरुजी शिरगणती करून गेले आणि आठ दिवसांनी पटवारी फौतीसाठी येणार होता. तलावाखालची ती दीड एकर. दोन पिकं घेणारी आपल्या घरातली एकुलती जमीन. बाकी सगळी कोटवारीची, ती आज आहे, उद्या नाही. मला वाटलं, हिचा हिस्सा लागेल, उद्या कुणाशी लग्न करेल, तो माणूस येऊन बांधावर उभा राहील. गुरुजींनी ‘चार’ लिहिलं तेव्हा किती सोपं असतं ते मी बघितलं होतं. आपण सांगतो, समोरचा लिहितो, पुढं जातो. इथं तर मीच कोटवार. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे माझ्या तोंडून निघालं की खरं. पटवाऱ्यानं विचारलं, मुलगी? मी म्हटलं, वारली, नागपूरला, काविळीनं. रोगाचं नावसुद्धा मी लगेच सांगितलं. सचिवानं दाखला दिला, महागूनं अंगठा दिला, आणि मायनंही दिला. तिनं विचारलं होतं, कशाचा कागद हाय? मी म्हटलं, बाच्या नावाचा. खोटं नव्हतं, तेवढंच.

मायला मी कधी सांगितलं नाही की तू मेलीस. तिच्यासाठी तू नागपूरकडं कुठं तरी होतीस. गावासाठी मेलेली आणि घरासाठी जिवंत, अशी तुला मी पंधरा वर्षं सांभाळली. गाव मायसमोर तो विषय काढायचं नाही, दुखऱ्या जागी बोट नको म्हणून. लोकांच्या भलेपणावर माझं खोटं जगलं.

आता तू म्हणतेस, तिथंच सांग. सांगितलं तर काय होईल ते मोजून बघ. खोटी सूचना दिली म्हणून कोटवारी जाईल. जमिनीचा निकाल पुन्हा लागेल. कदाचित केसही होईल. मयुरीचं लग्न व्हायचंय. तुझ्या चारशे बारा माणसांत बसून अट घालणं सोपं आहे.

मी काही ठरवलेलं नाही. उगाच आशा ठेवू नकोस.

खेमराज


१८ मार्च २०२६

रचना, जयभीम.

परवा मायनं जेवण सोडलं. आजारी नाही. गीतानं ताट पुढं केलं तर म्हणाली, मेलेल्या पोरीच्या हिश्श्याचे तांदूळ हायेत, मले नोको. पंधरा वर्षं तेच तांदूळ खात होती, पण तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. आम्हाला दीड एकराचे वेगळे तांदूळ थोडेच ठेवता येतात. सगळे एकाच कोठीत. त्या दिवशी तिनं फक्त चहा घेतला.

काल सकाळी आधी तहसिलीत गेलो आणि दाखला खोटा असल्याचं लिहून दिलं. बाबू म्हणाला, नीट विचार करून ये. मी म्हटलं, शिक्का मार. मग घरी येऊन वर्दीचा निळा सदरा घातला, डफडं काढलं, अंगणात काड्या पेटवून शेकलं. माय ओसरीवरून बघत होती. आवाज बरा निघाला. बाच्या हाताचा नाही, पण बरा.

पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि म्हटलं, ‘‘सुनो गा, सुनो. फकिरा कोटवाराची पोरगी रचना मेली नाही. जिती हाय. मेल्याचा कागद म्या लिवला, जमिनीसाठी लिवला, तो खोटा हाय. ऐकलं का?’’

दारं उघडी होती, बायका तांदूळ पाखडत होत्या. कुणी बोललं नाही. मला वाटलं होतं शिव्या येतील. शिव्या आल्या असत्या तर पुढं जाता आलं असतं. बाचा नियम आठवला आणि उभा राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी महागू बाहेर आला. म्हणाला, ऐकलं. मग अंगठ्याकडं बघत म्हणाला, माझा अंगठा मात्र तू फुकट घाण केलास.

दुसऱ्या गल्लीत एक जण म्हणाला, मुनादी कसली करतोस, व्हॉट्सअॅपवर टाक. त्यालाच उत्तर धरलं. हेमराजच्या गल्लीत ऊन डोक्यावर येईपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. हेमराज खिडकीतून बघत होता. तासाभरानं त्याच्या आईनं आतून सांगितलं, ऐकलं बाबू, जाय आता. बाकीच्या गल्ल्यांत असंच. एका घरानं दार लावून घेतलं आणि मग फटीतून उत्तर दिलं. नियम पाळतात लोक, बाचा असला तरी.

आपली गल्ली शेवटची. दारात माय काठी टेकून उभी. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘जोरानं सांग.’’ सभेनंतरचे तिचे माझ्याशी पहिले शब्द. मी जोरानं सांगितलं. गळा बसला होता. ‘ऐकलं का’ विचारलं आणि थांबलो.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत माया नव्हती, हे तुला सांगितलं पाहिजे, नाही तर तू या पत्राचं भलतंच काही करशील. म्हणाली, ‘‘म्या तं कवाचं ऐकलं. जिले सांगाचं हाय तिनं ऐकलं का?’’ आणि आत जाऊन गीताकडं ताट मागितलं.

आज चौकशीची नोटीस आली आहे. डफडं आणि सदरा जमा करायचा आहे. फलकाचा रंगारी विचारून गेला, ११४६ लिहू की थांबू. हेमराजनं सांगितलं, लिही, नियमानं बरोबर आहे. बरोबरच आहे. तू तिकडच्या चारशे बारांतली आहेस, तुला दोन ठिकाणी धरता येत नाही. दीड एकरातला तुझा हिस्सा मात्र आता धरावा लागेल, तो कागद तुझ्या नावानं येईल.

मी माफी मागत नाही. तुला द्यायची नसेल आणि मला ती मागता येत नाही. माझ्यासाठी येऊ नकोस, मी घरात नसेन असा दिवस सांगितलास तर मी लामत्याला जाऊन बसेन. माय जोवर खाते आहे तोवर ये.

पण एक गल्ली राहिली आहे. डफडं जमा करायच्या आधी ती व्हायला पाहिजे, आणि बाच्या नियमानं मला इथून हलता येत नाही. तू दोन ओळीही लिहू नकोस, एक शब्द पुरे.

फकिरा कोटवाराची पोरगी रचना मेली नाही. मेल्याचा कागद मी लिहिला, तो खोटा आहे.

ऐकलं का?